थोरलीला दुःख चालत नाही

एका कॉम्प्युटरमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम गुण्यागोविंदाने नांदतात, असं मला ज्याने सांगितलं त्याचं लग्न झालेलं नव्हतं. ही बाब मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवी होती.

तो आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातला आवक-जावक कारकून. आवक आणि जावक ही दोन टेबलं तो एकटा सांभाळतो, त्यामुळे कुठलीही दोन कामं एका जागी होऊ शकतात अशी त्याची श्रद्धा आहे. घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला एक अंघोळ आणि अर्धा चहा एवढा वेळ घेतो, असं मी सहज बोललो. सहज बोलणं हा माझा जुना दोष आहे.

"त्यात काय साहेब," तो म्हणाला, "जुनी सिस्टिम राहू द्या तशीच. शेजारी एक नवी टाका. फुकट मिळते. डिस्कचे दोन भाग करायचे, तुझं तुला, माझं मला."

"भांडण नाही होणार?"

"भांडायला भेटतात कुठे? एक चालू असते तेव्हा दुसरी बंद असते."

हे मला इतकं पटलं की मी एका रविवारी सकाळी बसलो आणि दुपारच्या जेवणापर्यंत डिस्कची वाटणी करून मोकळा झालो. कुठलाही अपघात झाला नाही. अपघात न होणं हे माझ्या बाबतीत वाईट लक्षण समजावं. बायकोने पडद्यावर दोन पर्याय एकाखाली एक उभे राहिलेले पाहिले आणि तिथेच बारसं उरकलं. जुनी ती थोरली, नवी ती धाकटी.

नावं अगदी चपखल बसली. थोरली सावकाश उठायची, प्रत्येक गोष्टीला "तुमची खात्री आहे का?" म्हणून विचारायची आणि बंद केली तरी पुरती बंद व्हायची नाही. डिस्कच्या किल्ल्या कमरेला लावून नुसती डोळे मिटून पडायची. धाकटी चटचटीत होती. काही विचारत नसे. सांगाल ते करी, मग ते शहाणपणाचं असो की नसो. धाकटीला थोरलीची खोली दिसायची, पण आत काही ठेवायला गेलं की दार लावलेलं. थोरलीला तर धाकटीची खोली दिसायचीच नाही. घरात अशी कोणी राहते हेच तिला मान्य नव्हतं.

घड्याळाचंही तेच. थोरली इथली वेळ धरून चालायची आणि धाकटी साऱ्या जगाची प्रमाणवेळ. एकीने लावलेलं घड्याळ दुसरी आल्या आल्या सरकवायची. या भानगडीत मी एकदा कार्यालयात इतक्या लवकर पोहोचलो की पहारेकऱ्याने मला पाण्याच्या बिलाची तक्रार घेऊन आलेला माणूस समजून बाकावर बसवलं. माझ्याच कार्यालयात मी पाऊण तास स्वतःची वाट पाहत बसलो होतो. हे मी घरी सांगितलं नव्हतं. पहारेकऱ्याने सांगितलं.

इथपर्यंत नुकसान फक्त माझ्या प्रतिष्ठेचं होतं आणि तिला सवय आहे. पण मधे माझे सासरे आले.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काम केलं. म्हणजे छापण्याआधी प्रत्येक कागद वाचून त्यातल्या चुका लाल शाईने काढायच्या. नोकरी सुटली, शाई सुटली नाही. मी केलेली वाणसामानाची यादी ते तपासून परत देतात. आमच्या लग्नाआधी मी त्यांच्या मुलीला एक पत्र लिहिलं होतं, ते चुकून त्यांच्या हाती पडलं. दुसऱ्या एखाद्या बापाने थैमान घातलं असतं. यांनी ते मला टपालाने परत पाठवलं. मजकुराबद्दल एक अक्षर नाही. फक्त 'अंतकरणापासून' या शब्दाला लाल गोल आणि समासात टीप, "अंतःकरणात विसर्ग हवा." पंचवीस वर्षं झाली. ते पत्र बायकोने जपून ठेवलंय, पण दाखवताना ती मजकूर दाखवत नाही, गोल दाखवते.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. आल्यापासून एक पुस्तक लिहीत होते, सासूबाईंवर. एकवीस छोटी प्रकरणं. त्यांना टायपिंग मीच शिकवलं, आणि थोरली वारंवार खात्री विचारते म्हणून ते चिडायला लागल्यावर धाकटीवर बसवलंही मीच. "ही बरी आहे," ते म्हणाले. "तोंड वर करून बोलत नाही."

आणि पुस्तक कुठे छापायचं तर त्याच छापखान्यात, जिथे त्यांनी चाळीस वर्षं काढली. पण तो छापखाना बंद होत होता. सोमवारी यंत्रं उचलून नेणार होते. मालकांनी शेवटचं काम सासऱ्यांसाठी राखून ठेवलं होतं. मजकूर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हातात, शनिवारी मुद्रितं तपासायची, रविवारी छपाई. पाचाचे सव्वापाच झाले की सासूबाईंचं पुस्तक त्या यंत्रावर कधीच निघणार नव्हतं. दुसरीकडे निघालं असतं, पण दुसरीकडे छापलेलं ते उघडणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी मी एक कोरा पेन ड्राइव्ह घेतला, धाकटीकडून व्यवस्थित तयार करून घेतला, एकवीसच्या एकवीस प्रकरणं त्यावर चढवली आणि सासऱ्यांना घेऊन छापखान्यात गेलो. तिथे एकच कॉम्प्युटर होता, त्यावर थोरलीची सख्खी बहीण. इंटरनेट मालकांनी महिन्याच्या सुरुवातीलाच तोडून टाकलं होतं. बंदच करायचंय तर कशाला, असं म्हणून.

मालक मला कागदाचे गठ्ठे दाखवायला आत घेऊन गेले. बाहेर सासऱ्यांनी पेन ड्राइव्ह स्वतःच लावला. मी परत आलो तर ते खुर्चीत ताठ बसले होते, चेहऱ्यावर समाधान.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. याने विचारलं, मी हो म्हटलं."

"काय विचारलं?"

"'या डिस्कचे स्वरूपण करायचे आहे का?' मी म्हटलं, करा. चाळीस वर्षांत या इमारतीत पहिल्यांदा कोणीतरी लेखकाला विचारून मजकुराला स्वरूप देतंय. भाषाही बरी होती. 'आहे का'च्या पुढे प्रश्नचिन्ह होतं."

स्वरूपण म्हणजे फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे डिस्क धुऊन पुसून पालथी घालणं. धाकटीने तयार केलेला पेन ड्राइव्ह या बाईंना ओळखता आला नाही, आणि जे ओळखता येत नाही ते पुसून टाकायचं हा त्यांचा खाक्या. हे मी सासऱ्यांना समजावून सांगितलं.

"मग 'पुसू का?' असं विचारायचं," ते म्हणाले. "पुसण्याला स्वरूप देणं म्हणणारा माणूस कोण आहे? त्याचा पत्ता आहे का?"

घरी मूळ फायली होत्या म्हणून मी निर्धास्त होतो. उलट, त्या क्षणी मी चक्क खुशीत होतो. चूक माझी नव्हती असा प्रसंग आमच्या घराण्यात सहसा येत नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली. सकाळी पेन ड्राइव्ह थोरलीच्या पद्धतीने तयार केला, मग धाकटीला उठवलं आणि फायली चढवायला घेतल्या. पंधरा प्रकरणं सुरसुर गेली. सहा अडली. प्रत्येकीपुढे एकच संदेश आला : "नाव अवैध आहे."

"कोणाचं नाव अवैध आहे?" सासरे मागे उभे होते.

"प्रकरणाचं, बाबा."

"'दु:खाचे पहिले वर्ष' यात अवैध काय आहे? ते मी स्वतः काढलंय."

मी पुन्हा प्रयत्न केला. पेन ड्राइव्ह काढून लावला. दुसऱ्या खाचेत लावला. उलटा लावायचा प्रयत्न केला, तो जाईना, तेव्हा सुलट लावला. सहा ती सहाच.

एव्हाना बातमी जिन्यात पोहोचली होती. आमच्याकडे काही बिघडलं की शेजारी येतात. चालू असताना कोणी फिरकत नाही. पहिले आले ते समोरचे दंतवैद्य. त्यांनी खाचेत बॅटरी मारून पाहिली, "आ करा" म्हणायचे तेवढे राहिले. "कीड नाही," ते म्हणाले, "पण मागे थोडी जागा सैल वाटते. एका बाजूने चावायला लावा काही दिवस." मग वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नाही, पण त्यांच्या दोन सुना आहेत.

"एकीने दिलेलं दुसरी घेत नाही, असंच ना?" त्या म्हणाल्या. "मग तुम्ही मधे पडू नका. जमिनीवर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. जिला हवं ती उचलते."

मी थोरलीच्या मदत-केंद्राला फोन लावला. अठरा मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या मशीनवर दुसरी सिस्टिम आहे. ती काढून टाका, मग आम्ही मदत करू." मग धाकटीच्या भक्तमंडळींच्या चर्चापानावर प्रश्न टाकला. तीन मिनिटांत अकरा उत्तरं आली. सगळ्यांचा सूर एकच, पहिलीला काढून टाका. बाराव्याने विचारलं होतं की मुळात पुस्तक लिहायचंच कशाला.

मी कारकुनाला फोन केला.

"साहेब, भांडतायत का?" त्याने विचारलं. आवाजात एक प्रकारची उत्सुकता होती.

"सहा फायली घेत नाहीये."

"मग पंधरा घेतल्या ते बघा ना."

फोन ठेवला. या माणसाचं अजून लग्न का झालं नाही ते कळलं. छत्तीसपैकी दहा गुण जुळले तरी मुलीकडच्यांना तो नक्कीच हेच सांगत असणार.

बायको तेवढ्यात याद्या शेजारी शेजारी मांडून बसली होती. गेलेल्यांत 'तिची सायकल', 'हरवलेली छत्री', 'उंदीर', 'शेजारणीशी अबोला' वगैरे. अडलेल्यांत 'दु:खाचे पहिले वर्ष', 'नि:शब्द भांडण', 'पुन:पुन्हा तेच डॉक्टर', 'अंत:करण आणि अंथरूण', 'अंतत: ती' आणि 'स्वत:चे घर'.

"अहो," ती हळूच म्हणाली, "थोरलीला दुःख चालत नाही."

दंतवैद्यांनी बॅटरी बंद केली.

"असं नसतं," मी म्हणालो. पण माझ्या आवाजाला बूड नव्हतं.

"नसतं कसं? सायकल गेली, छत्री गेली, उंदीर गेला. भांडण अडलं, डॉक्टर अडले."

"'स्वत:चे घर' कुठे दुःखाचं आहे?"

"नवीन घरात आल्यावर आई वर्षभर रडत होती. जुन्या शेजारणी सुटल्या म्हणून."

"रडली होती," सासऱ्यांनी दुजोरा दिला. "पृष्ठ तीनवर आहे."

काकूंनी सांगितलं की त्यांच्या थोरल्या सुनेलाही रडकी मालिका लावलेली चालत नाही. दंतवैद्य म्हणाले, आता यंत्रांना भावना कळायला लागल्यात, परवाच कुठेतरी वाचलं. पाच मिनिटांत आमच्या दिवाणखान्यात एक शास्त्र जन्माला आलं, त्याला सर्वांची मान्यता मिळाली, आणि विरोधात मी एकटा उरलो.

सासरे खिडकीशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग राहू द्या ती सहा. पंधरा छापू. नाहीतरी तिला कोणी रडलेलं आवडायचं नाही."

एवढा वेळ चाललेली मजा तिथे थांबली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात पंचवीस वर्षांत फार थोड्या वेळा दिसलेली गोष्ट होती, अपेक्षा. मी घाबरून पडद्याकडे वळलो. आणि गेलेल्या पंधरांमध्ये मला एक नाव दिसलं, 'शेवटचा आजार'. याच्याइतकं दुःख तर कशातच नव्हतं, आणि हे मात्र मुकाट्याने गेलं होतं.

मग मी अर्थ सोडून नुसती अक्षरं पाहायला लागलो, जसं सासरे माझ्या याद्या पाहतात. दु, दोन टिंबं, ख. नि, दोन टिंबं, श. स्व, त, दोन टिंबं. सहाच्या सहा नावांत दोन टिंबं होती आणि पंधरांत कुठेच नव्हती. मी कर्सर त्या टिंबांकडे नेला, तर तो अक्षर आणि टिंबं यांच्या मधे जाऊन उभा राहिला, जे खऱ्या विसर्गात जमत नाही.

तो विसर्ग नव्हता. तो अपूर्णविराम होता. यादीच्या आधी, "ती म्हणाली"च्या पुढे देतात तो, ज्याला सगळं जग कोलन म्हणतं. कीबोर्डवर विसर्गाची कळ आडबाजूला असते आणि अपूर्णविराम बोटाखाली. दिसायला सारखेच. धाकटीला फाइलच्या नावात अपूर्णविराम चालतो, तिला काहीही चालतं. थोरलीच्या घरात त्याला मज्जाव आहे. धाकटीच्या खोलीत तो बिनबोभाट राहिला, थोरलीच्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हने त्याला दारातच अडवलं. दुःखाचा काही संबंध नव्हता.

म्हणजे चाळीस वर्षं दुसऱ्यांचे विसर्ग शोधणाऱ्या माणसाने अख्खं पुस्तक विसर्गाविना टाइप केलं होतं. 'अंत:करण'सुद्धा.

वाचकहो, अशी संधी माणसाला एकदाच मिळते. माझ्या खिशात लाल पेनही होतं. मी मागे वळलो. सासरे खिडकीशी पाठमोरे उभे होते. सदऱ्याची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली होती, जी सासूबाई असत्या तर दुमडलेली राहिली नसती.

"बाबा," मी म्हणालो, "थोरलीचा दोष आहे. सापडला."

"काय होता?"

"तांत्रिक आहे."

हा शब्द आमच्या कार्यालयात फार उपयोगी पडतो. त्याच्या पुढे कोणी विचारत नाही.

सहा नावं बदलली, सहाही प्रकरणं सुरसुर गेली. मग मनात आलं, आतल्या मजकुरातही तोच घोटाळा असणार, तो मुद्रितात यांच्या नजरेस पडेल. म्हणून मी सगळ्या प्रकरणांतले अपूर्णविराम एका फटक्यात विसर्ग करून टाकले. स्वतःवर इतका खूश मी नोकरी कायम झाली तेव्हाही नव्हतो. आणि तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर नजर गेली. पाच वाजून पंधरा मिनिटं.

"संपलं," मी म्हणालो. "सव्वापाच झाले."

दंतवैद्यांनी मान खाली घातली. काकूंनी पदर तोंडाला लावला. सासरे सावकाश खुर्चीत बसले. बायको मात्र मागे वळून भिंतीकडे पाहत होती.

"अहो, पावणेबारा झालेत. सकाळचे. धाकटीचं घड्याळ आहे ते." मग जरा थांबून म्हणाली, "काकू, तुम्ही तरी. आत्ता तर कुकर लावून आलात म्हणालात."

आम्ही पाच तास आधी पोहोचलो. छापखान्याच्या कॉम्प्युटरने एकही प्रश्न विचारला नाही. सासरे त्याच्याकडे रोखून बघत बसले होते, म्हणून असेल.

शनिवारी मुद्रितं आली. सासरे छापखान्यातल्या आपल्या जुन्या टेबलावर बसले, मी समोर. पहिलं पान संपलं आणि लाल पेन थांबलं.

"'ती म्हणाली'च्या पुढे विसर्ग कशाला आहे?"

एका फटक्यात मी सगळेच अपूर्णविराम विसर्ग केले होते, खरे होते तेही. पानोपानी सासूबाई 'म्हणालीः' झाल्या होत्या. यादीच्या आधी विसर्ग, वेळेत विसर्ग. साडेसहाची गाडी '६ः३०'ला सुटत होती.

"कोणी केलं हे?"

"मी."

"वाटलंच," ते म्हणाले, आणि एकशे त्रेचाळीस लाल गोल काढले. मोजून. मग प्रस्तावनेच्या तळाशी, मला दिसेल अशा बेताने, एक ओळ वाढवली : "या पुस्तकातील विसर्गदोष माझ्या जावयाचे आहेत."

छापील बदनामी ही साधी बदनामी नव्हे, तिच्या प्रती निघतात. पण मला का कोण जाणे हसू येत होतं, आणि ते दाबायला मी मालकांना गठ्ठ्यांबद्दल तिसऱ्यांदा विचारलं.

परत आलो तेव्हा सासरे तपासत नव्हते. छापखान्याच्या कीबोर्डपुढे बसले होते आणि एक बोट एका कळीवर ठेवून ती पुन्हा पुन्हा दाबत होते. पडद्यावर दोन टिंबांची रांग लागली होती. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. जो माणूस सगळ्या अपूर्णविरामांचे विसर्ग करतो त्याला ते करावेसे का वाटले असतील, हे चाळीस वर्षं चुकांच्या मागे फिरलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "चहा सांगा."

रविवारी पुस्तक छापून झालं. सोमवारी यंत्रं गेली. पुस्तकं घरी आली तेव्हा प्रस्तावनेतली ती ओळ जशीच्या तशी होती. बायकोने ती मोठ्याने वाचली, दोनदा. मग पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली एक अरुंद चिठ्ठी तिच्या हाताला लागली. शुद्धिपत्र. त्या छापखान्यात सगळ्यात शेवटी छापला गेलेला कागद तो. त्यात दोनच नोंदी होत्या.

"प्रस्तावना, शेवटची ओळ. 'माझ्या जावयाचे' याऐवजी 'माझे' असे वाचावे.

"पंचवीस वर्षांपूर्वी एका पत्रावर केलेली लाल खूण रद्द समजावी. मूळ मजकूर कायम."

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. सासरे आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. बायकोने कपाटातून ते जुनं पत्र काढलं, या वेळी मजकूर वाचला, माझ्यादेखत पहिल्यांदाच, सगळा, आणि घडी घालून परत ठेवलं.

"पण विसर्ग हवाच होता तिथे," ती म्हणाली.